एका शब्दात उत्तर

सभागृहात मंत्रीमहोदय उभे राहून जी उत्तरं वाचतात ती कोण लिहितं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. पडू नये अशीच व्यवस्था आहे. ती मी लिहितो. सगळ्या खात्यांची नाही, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त आरोग्य खात्याची. बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात पाच मंत्री आले नि गेले, एकानेही माझं नाव विचारलं नाही, पण पाचही जणांच्या तोंडून वाक्यं बाहेर पडली ती माझी. घरी हे सांगितलं की बायको म्हणते, "मग पगार पण त्यांच्याएवढा मागा." बायकांना साहित्यातलं काही कळत नाही.

आमच्या धंद्यात उत्तरं चारच. 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिलं मी आजवर दोनदाच लिहिलं, आणि दोन्ही वेळा प्रश्न विचारणाऱ्याने खात्याची स्तुती केली होती. पाचवं एक आहे, ते अडीअडचणीला: 'माहिती घेण्यात येत आहे.' हे उत्तर म्हणजे घरात पाहुणे आले की आपण मागच्या दाराने बाहेर पडतो, त्यातलं. कुणाला खोटं सांगितलं असंही होत नाही आणि खरंही सांगावं लागत नाही.

तर मोटारीची गोष्ट. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची दोन यंत्रं आहेत. डायलिसिस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आपलं नशीब थोर समजावं. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त बाहेर काढून, यंत्रात धुऊन, परत आत सोडावं लागतं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, तीन वर्षं हे चालू होतं. आक्का गणिताची शिक्षिका, निवृत्त, लग्न न केलेली, आमच्याच घरी राहणारी. अर्ध्या गावाने तिच्या हातचा मार खाल्लाय. दवाखान्यातला टेक्निशियन तिचाच विद्यार्थी, तो तिला सुई टोचताना अजून थरथरायचा आणि ती त्याला म्हणायची, "पाढे म्हण मनात, हात स्थिर राहतो."

यंत्राला पाणी लागतं, आणि ते साधं चालत नाही, गाळून-गाळून अगदी शुद्ध केलेलं लागतं. ते पाणी ढकलणारी एक मोटार मागच्या खोलीत असते. अर्ध्या हॉर्सपॉवरची. ती एके दिवशी जळाली. यंत्रं ठणठणीत, पाणी नाही. टेक्निशियन म्हणाला, "बाई, मागणी पाठवलीय, आठवड्यात येईल." आक्काने विचारलं, "कोणत्या आठवड्यात?" तिची शंका खरी ठरली.

खाजगीत जायची आमची ऐपत नव्हती. नंबर लागण्याजोगं दुसरं सरकारी यंत्र तीन तासांवरच्या शहरात, आणि तिथे मिनतवाऱ्या करून आठवड्यातून एकदाच नंबर मिळायचा. दोनदाच्या जागी एकदा. पहाटे बस, दुपारी यंत्र, परत बस. आक्का घरी यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नसायचा आणि तोंड मात्र चालू असायचं. पण तिचे पाय सुजायला लागले. मग हात. दिवसाला दोन पेले पाणी, त्याहून जास्त नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पेल्यावर पेनाने खुणा करून घोट मोजून प्यायची. दोन महिन्यांनी तिला उशी लावून बसल्याशिवाय झोप येईना, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की माझ्या पराक्रमाला सुरुवात करण्यापूर्वी मला सगळं माहीत होतं. नीट माहीत होतं.

आजारी माणूस घरात असलं की शेजाऱ्यांना डॉक्टरकीचा परवाना मिळतो. समोरच्या काकूंनी आक्काला पहाटे अनवाणी चालायला सांगितलं. आक्का म्हणाली, "अहो, पायात चप्पल जात नाही, अनवाणीच आहे मी." वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, तेही निवृत्त, यांचा मात्र राज्यकारभारावर विश्वास. ते म्हणाले, "अर्ज-बिर्ज सोडा. सभागृहात प्रश्न पडला पाहिजे! प्रश्न पडला की रात्रीत मोटार बसते की नाही बघा. आपल्या भागातल्या सदस्यांचा सचिव रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला असतो. तुम्ही प्रश्न लिहून द्या, मी पोचवतो."

आणि मला ते पटलं! बावीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात मी भांडी घासली त्याच स्वयंपाकघरातलं जेवण मागवायला मी निघालो. पण पटण्याला कारणही होतं. प्रश्न आला की खात्याची धावपळ होते ती मी डोळ्यांनी पाहिलीय. भिंती रंगतात, पंखे फिरतात, रजेवरचे डॉक्टर हजर होतात. फक्त एक अडचण होती. सरकारी नोकराने सदस्यामार्फत प्रश्न विचारायला लावणं म्हणजे सरळ निलंबन. म्हणून गुपचूप.

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तराऐवजी प्रश्न लिहायला बसलो. काय सांगू, नशाच चढली! 'अमुक दवाखान्यातील डायलिसिस यंत्रे गेल्या तीन महिन्यांपासून बंद आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे?' तीन उपविभाग, स्वल्पविराम जागच्या जागी. आक्काला मोठ्याने वाचून दाखवला.

ती म्हणाली, "यंत्रं कुठे बंद आहेत रे? मोटार बंद आहे."

"आक्का, सभागृहात मोटार म्हणून भागत नाही. मोटार म्हटलं की लोकांना वाटतं शेतातल्या विहिरीची. यंत्र म्हटलं की वजन येतं."

"वजन येऊ दे, पण गणित चुकतंय. उदाहरणात दिलेलंच चुकीचं असलं तर उत्तर बरोबर कसं येईल?"

"हा माझा विषय आहे, आक्का."

ती गप्प बसली. आक्का गप्प बसली म्हणजे पटलं असं नसतं, हे पन्नास वर्षांत मला कळायला हवं होतं.

प्रश्न स्वीकारला गेला. नुसता स्वीकारला नाही, त्या अधिवेशनात सार्वजनिक आरोग्यासाठी जो एक खास दिवस ठेवला होता, त्या दिवशीच्या यादीत सहावा लागला. पोस्टमास्तरांनी जिन्यातूनच ओरडून बातमी दिली. मी त्यांना हातापाया पडून गप्प केलं.

चार दिवसांनी तो प्रश्न माझ्याच टेबलावर येऊन पडला, उत्तरासाठी. साहजिकच होतं, दुसरीकडे जाणार कुठे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिपायाने फाइल ठेवली आणि मी स्वतःच्या स्वल्पविरामांकडे पाहत बसलो.

नियमाप्रमाणे दवाखान्याच्या अधीक्षकांकडून अहवाल मागवला. उलट टपाली एका ओळीचा आला: 'दोन्ही यंत्रे सुस्थितीत आहेत.' मी फोन लावला.

"साहेब, यंत्रं सुस्थितीत आहेत म्हणता, पण चार महिन्यांत एकाही पेशंटचं डायलिसिस झालं नाही तुमच्याकडे."

"यंत्रं सुस्थितीत आहेतच की. बटण दाबलं की दिवा लागतो."

"पाणी नाही ना पण!"

"पाण्याबद्दल विचारलंय का प्रश्नात?"

"नाही."

"कुठल्या गाढवाने लिहिलाय हो हा प्रश्न? पाण्याचं विचारलं असतं तर मीच लिहून दिलं असतं की मोटार जळालीय. तीन पत्रं पाठवलीत मी तुमच्या खात्याला. आता यंत्राचं विचारलं, यंत्राचं सांगितलं. जास्तीचं सांगायची पद्धत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. ती पद्धत मीच त्यांना एका परिपत्रकाने कळवली होती.

तरी मी हिंमत केली. मसुद्यात लिहिलं, 'हे अंशतः खरे आहे.' आमच्या साहेबांनी, म्हणजे उपसचिवांनी, चष्मा कपाळावर चढवला.

"अंशतः कशाला?"

"साहेब, पाण्याची मोटार बंद आहे."

"प्रश्नात मोटार आहे?"

"नाही, पण..."

"अहो, बावीस वर्षांत एवढंही शिकला नाहीत? अंशतः लिहिलं की लगेच उपप्रश्न. कोणता अंश, किती अंश, कधीपासूनचा अंश! खोडा ते." मग ते जरा पुढे झुकले. "आणि एक सांगून ठेवतो. हा प्रश्न सदस्याने लिहिलेला नाही. आपल्यातल्याच कुणीतरी लिहून दिलाय. सदस्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळतं होय? फार सफाईने लिहिलाय. सापडू दे मला तो, घरी बसवतो त्याला."

बावीस वर्षांत माझ्या लेखनाची झालेली ही पहिली तारीफ. धन्यवाद म्हणायचीही सोय नव्हती. मी 'हे खरे नाही' असं लिहिलं आणि पुढच्या दोन उपविभागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही.'

त्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी फोन आला, की उद्या सकाळी नऊला आक्कांना घेऊन या, यंत्र सुरू होतंय. घरात आनंदीआनंद! मी ऑफिसात होतो. बायकोने आक्काला ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले, दोघी रिक्षाने गेल्या. दवाखाना ओळखू येईना. भिंतींना नवा रंग, खाटेवर कोरी चादर, कोपऱ्यात कुंडी. आक्काला खुर्चीत बसवलं, हाताला पट्टा गुंडाळला, यंत्राचा हिरवा दिवा लावला. एका माणसाने समोर उभं राहून सांगितलं, "आजी, जरा हसा." फोटो काढला. मग पट्टा सोडला आणि म्हणाले, "झालं, या आता."

"झालं काय?" बायको म्हणाली. "अजून सुईसुद्धा टोचली नाही!"

टेक्निशियन बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आक्काने त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पाणी आलं का रे?" त्याने मानेनेच नाही म्हटलं. ती उठली आणि बायकोच्या खांद्याला धरून रिक्षात बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "अरे, मला यंत्राला टेकवलं, दिवा लावला, हसवलं नि परत पाठवलं. नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं असेल रे हे?"

दोन दिवसांनी तो फोटो पुरावा म्हणून फाइलीत आला. परिशिष्ट एक. 'यंत्राचा लाभ घेताना रुग्ण.' माझ्या बहिणीचा सुजलेला चेहरा, विंचरलेले केस. हसली नव्हती ती. वर्गात मागच्या बाकावर कुणी बोललं की पाहायची तशी कॅमेऱ्याकडे पाहत होती. मी फोटोवर शिक्का मारला आणि पान क्रमांक घातला. माझा हात जरासुद्धा थांबला नाही, याची मला आजही चीड येते.

सभागृहाचा दिवस उजाडला. मंत्र्यांच्या मागच्या बाजूला अधिकाऱ्यांसाठी बाकं असतात, तिथे आम्ही बसतो. अचानक काही विचारलं गेलं की मंत्री मागे वळतात, आम्ही चिठ्ठी लिहितो, शिपाई ती पुढे नेतो, मंत्री वाचून दाखवतात. पुढे साहेब, मागे मी. कामकाज टीव्हीवर दाखवतात, आणि माझ्या घरी त्या वेळी सगळा जिना गोळा झाला होता हे मला नंतर कळलं.

पहिला प्रश्न रुग्णवाहिकेचा. उत्तर माझंच: 'रुग्णवाहिका उपलब्ध आहे.' मंत्र्यांनी ठसक्यात वाचलं, मी ओठांतल्या ओठांत बरोबरीने म्हटलं. एक सदस्य उठले नि म्हणाले, "उपलब्ध आहे, पण चाकं नाहीत तिला! विटांवर उभी आहे!" प्रचंड गोंधळ. दोन सदस्यांमध्ये विटा आधी कुणी पाहिल्या यावरून हमरीतुमरी झाली, कामकाज दहा मिनिटं बंद. परत बसल्यावर मंत्री मागे वळले. साहेबांनी नाइलाजाने चिठ्ठी दिली: चाकं नाहीत. कॅमेरे रोखलेले. मंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत चाकं बसतील, हा माझा शब्द आहे!" आणि सांगायची गोष्ट म्हणजे, बसली. संध्याकाळी पाचला बसली. चाकं नाहीत असं एकदा सभागृहात म्हटलं गेलं, की बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. हे मला त्या बाकावर बसल्या बसल्याच कळून चुकलं होतं.

मग औषधसाठा, मग शवागार, मग परिचारिकांची भरती, मग एका दवाखान्यातल्या भटक्या कुत्र्यांवर वीस मिनिटं. कुत्र्यांवर सगळे पक्ष एक झाले. आक्काचा प्रश्न येतो की तास संपतो, अशी वेळ. चार मिनिटं उरली असताना अध्यक्षांनी सहावा प्रश्न पुकारला. साहेब तेवढ्यात उठून बाहेर गेले होते. मधुमेहाचे रुग्ण ते, दर तासाला जावंच लागतं. जाताना म्हणाले, "सांभाळा, सोपा प्रश्न आहे."

मंत्र्यांनी वाचलं, "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही." फोटो उंचावून दाखवला. माझी बहीण सगळ्या सभागृहाने पाहिली.

आता संपलं, असं मला वाटलं. पण आमच्या भागातले सदस्य उठले. हे गृहस्थ एरवी उठत नाहीत. मागच्या अधिवेशनात त्यांना झोपेतून उठवावं लागलं होतं. त्यांच्या हातात वहीतून फाडलेलं एक रेघी पान होतं. ते एकेक शब्द लावत वाचू लागले.

"यंत्र चालू आहे, हे मान्य. यंत्राला लागणारं पाणी शुद्ध करणारी मोटार एकशे वीस दिवस बंद आहे. हे खरं की खोटं? एका शब्दात उत्तर द्या."

असं वाक्य या जगात एकच माणूस लिहितं. मला न सांगता आक्काने सदस्यांना पत्र टाकलं होतं. चुकलेलं उदाहरण तिने दुरुस्त करून दिलं होतं. मी बंद करून घेतलेलं दार त्या बाईने, दोन पेले पाण्यावर जगत, माझ्यासाठी परत उघडलं होतं.

मंत्री मागे वळले. साहेबांची जागा रिकामी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. शिपाई हात पुढे करून उभा. माझ्यासमोर कोरी चिठ्ठी, हातात पेन.

एकच शब्द लिहायचा होता. 'खरं.' दोन अक्षरं, एक अनुस्वार. ते लिहिलं असतं तर मंत्र्यांनी मूठ आपटली असती, दोन दिवसांत मोटार बसली असती. मग कुणीतरी विचारलं असतं, साहेबांनी खोडलेलं ह्या कारकुनाने परत का लिहिलं? त्या दवाखान्यात ह्याचं कोण आहे? मग स्वल्पविराम कुणाचे ते साहेबांना कळलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं असं आता वाटतं. खरं सांगायचं तर तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. पेन आपोआप चाललं. शिपायाने चिठ्ठी नेली आणि मी काय लिहिलं ते मला मंत्र्यांच्या तोंडून कळलं.

"माहिती घेण्यात येत आहे."

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. पुढचा प्रश्न झालाच नाही, वेळ संपली होती.

साहेब परत आले, सगळं ऐकलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! वेळ निभावून नेलीत."

घरी पोचलो तर जिन्यात टाळ्या. कॅमेरा माझ्यावर आला होता म्हणे. "लिहिताना दिसलात!" काकू म्हणाल्या. "काय रुबाब!" पोस्टमास्तर म्हणाले, "मंत्री तुमच्याकडे बघून बोलत होते, मी सगळ्यांना दाखवलं. आता मोटार आलीच समजा." आक्का खुर्चीत उशांना टेकून बसली होती. सगळे जाईपर्यंत तिने वाट पाहिली.

"चिठ्ठी तू लिहिलीस?"

"हो."

"माहिती घेण्यात येत आहे, असं?"

"हो."

"कुणाकडून घेणार आहेत?"

मी बूट काढायला खाली वाकलो.

"मी पलीकडच्याच खोलीत असते रे," ती म्हणाली. "मला विचारायचं होतं."

बायको दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मला रडू फुटलं. पन्नाशीचा घोडा मी, लहान पोरासारखा रडलो. आक्काने रडू दिलं. मग म्हणाली, "नोकरीची भीती वाटली ना?" मी मान हलवली. "वाटतेच. मलाही वाटते, रोज वाटते. आता ती पायाखालची उशी जरा वर सरकव."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. एकदा तिकडच्या शहरात जाऊन आलो. दुसऱ्या वेळी जायच्या दिवशी पहाटे तिला धाप लागली, बसूनही राहवेना. बायको पाठीवरून हात फिरवत होती, मी गाडी आणायला धावलो. गाडी दारात आली तोवर आक्का गेली होती. सभागृहाच्या त्या दिवसानंतर अकरावा दिवस होता तो. मंगळवार.

रविवारी संध्याकाळी टेक्निशियनचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "साहेब, मोटार बसली! वरून आदेश आला, माहिती मागवत होते म्हणे सारखी, शेवटी बसवूनच टाकली. उद्या सकाळी सहाला पहिला नंबर बाईंचा. मी स्वतः टोचणार, हात हलणार नाही म्हणावं!" त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मला फोनवर सांगवेना. "येतो," म्हटलं.

सहाला मी गेलो. मागच्या खोलीतून मोटारीचा आवाज येत होता. बाकावर तीन पेशंट बसलेले, सुजलेले, पिवळे, एकमेकांशी हसून बोलणारे. टेक्निशियन बाहेर आला आणि माझ्या मागे पाहू लागला.

"बाई कुठेत?"

"गेली," मी म्हटलं. "मंगळवारी."

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. मग त्याने डोळे पुसले, आणि बिचाऱ्याला नोकरी होतीच, त्याने नोंदवही पुढे केली. पहिल्या ओळीत आक्काचं नाव त्याने आदल्या दिवशीच सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं. पुढे रकाना: रुग्ण न आल्यास कारण. "घरच्यांनी लिहायचं असतं," तो म्हणाला.

मी लिहायला घेतलं. पाण्याची मोटार बंद होती म्हणून माझी बहीण मेली. मोटार बंद आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भर सभागृहात मला विचारलं. मी सांगितलं नाही. सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. बावीस वर्षांत इतकं सरळ मी काही लिहिलं नव्हतं, आणि रकाना एवढासा, त्यामुळे मजकूर खाली उतरत गेला.

टेक्निशियनने वही फिरवून वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, पुढच्या पेशंटची जागा खाल्लीत तुम्ही."

"चुकलं," मी म्हटलं.

त्याने पट्टी घेतली, माझ्या अक्षरांखाली रेघ मारली, आणि त्या रेघेखाली दुसऱ्या पेशंटचं नाव लिहून त्याला आत बोलावलं.